समुद्र दिसणारी खोली

बहीण: हळू बोल, दादा. पुढच्या खोलीत पाहुणे नाश्त्याला बसलेत.

भाऊ: हळू? अगं, तुमची बोट जाळली कुणीतरी आणि मी हळू बोलू? आत्ता उतरतोय मी पलीकडच्या किनाऱ्यावरून. पाय टाकला धक्क्यावर आणि समोर हा काळा सांगाडा! काळजात धस्स झालं माझ्या. तसाच धावत आलो.

नवरा: बसा.

भाऊ: बसतो कसला! जावईबापू, ती कुऱ्हाड ठेवा आधी खाली. डोकं तापलं की हातात असलं काही धरू नये माणसानं.

नवरा: फळ्या फोडतोय.

बहीण: बोटीच्या. जळायच्या राहिल्या तेवढ्या. पाहुण्यांना अंघोळीला कढत पाणी लागतं, सकाळपासून त्याच सरपणाला घातल्यात.

भाऊ: अरेरे. आणि हे गं काय? दोन्ही हातांना फडकी?

बहीण: आगीत घातले.

भाऊ: वेडी की काय तू? लाकडासाठी कुणी हात भाजून घेतं? बोट काय, पुन्हा बांधता येते. मी बसलोय ना! वर्गणी काढू, बोटवाल्यांच्या संघटनेच्या खर्चानं बांधू. आणि ज्या कुणी चांडाळानं हे केलं त्याला मी शोधून काढतो. एकेकाला धक्क्यावर उभा करतो, बघशील तू.

नवरा: शोधायचं काय त्यात? परवा सगळ्यांच्या देखत तुमच्याच माणसांनी ऐकवलं मला. पाळी मोडलीस, आता बोट मोडू.

भाऊ: बोलतात हो. बोटवाल्यांची तोंडं ती, त्यांना काय धरबंध! मीच दटावलं त्यांना नंतर. म्हटलं, माझ्या बहिणीचा नवरा आहे तो. पण तुम्हीही जावईबापू, थोडं ऐकायचं की नाही? सगळ्यांनी मिळून पाळी ठरवली...

नवरा: ती पाळी आहे? निम्म्या बोटी खडकामागं बांधून ठेवायच्या. पलीकडच्या धक्क्यावर माणसं उन्हात उभी. लेकरंबाळं, म्हातारीकोतारी. बोट नाही, बोट नाही म्हणत ताटकळत ठेवायची. रडकुंडीला आली की एक बोट सोडायची आणि मागाल तेवढं घ्यायचं. याला तुम्ही लोक पाळी म्हणता. आपसात काय म्हणता? धक्का तापवणं.

भाऊ: मग? तवा तापल्याशिवाय पोळी भाजते का? हे काही मी शोधून काढलेलं नाही. गिऱ्हाईक जास्त आणि माल कमी, तरच भाव. पावसाळा लागला की इथं काळं कुत्रं फिरकत नाही, तेव्हा कुणी येऊन विचारतं का, बाबांनो, जेवलात का? चार महिन्यांत वर्षाचं पोट भरायचं. आणि तुम्ही निघालात एकटे पुण्य कमवायला, निम्म्या भाड्यात माणसं भरून आणायला. पाण्यात राहून माशांशी वैर!

नवरा: एक बाई भोवळ येऊन पडली त्या दिवशी. पदराखाली तान्हं मूल होतं. मी बोट लावली. एवढंच केलं.

भाऊ: एवढंच! तुमच्या एवढंच-नं दुसऱ्या दिवशी सगळी गर्दी तुमची वाट बघत बसली. बाकीच्या बोटी रिकाम्या डुलतायत. लोकांच्या पोटावर पाय आला की लोक... नाही, केलं ते वाईटच केलं. मी त्यांची बाजू घेत नाही. मी नुसतं सांगतो, का झालं असेल ते.

बहीण: पाणी घे दादा. आल्यापासून खोकतोयस.

भाऊ: धूर गं. धूर बसलाय घशात.

बहीण: धूर तर केव्हाच निवला. तू पलीकडे होतास ना?

भाऊ: म्हणजे वास. वास राहतो की. आणि माझा खोकला जुनाच आहे, तुला काय नवा?

बहीण: नाही, नवा कसा असेल. आई म्हणायची ना, गल्लीच्या तोंडाशी दादा खोकला की मी इकडे चहाचं आधण ठेवते.

भाऊ: हां! आहे कुठं ती? दिसली नाही.

बहीण: आत आहे. सामानाच्या खोलीत.

भाऊ: पडलीय? पडू दे. सकाळपासून घाबरली असेल बिचारी. गुडघे काय म्हणतात तिचे?

नवरा: दादा, बोट रिकामी नव्हती.

भाऊ: काय?

नवरा: बोट रिकामी नव्हती म्हटलं. आत माणूस होतं.

भाऊ: काहीतरीच काय बोलता? बोटीत कोण झोपतं? आपल्या इथं आजवर कधी कुणी झोपलंय बोटीत?

बहीण: आजवर माझ्या घरात पाहुणे एकमेकांच्या उशाला पाय करून झोपले होते का कधी? दोन खोल्या भरल्या, मग माळा दिला. मग आमची झोपायची खोली. आम्ही दोघं स्वयंपाकघरात भांड्यांच्या फळीखाली. तूच बजावून गेलास, आलेला पाहुणा परत पाठवायचा नाही, तो दुसऱ्या बेटाची वाट धरतो. मग राहिलं काय? बोट राहिली.

भाऊ: अगं, मग मला सांगायचं नाहीस का आधी!

नवरा: तुम्हाला का?

भाऊ: मला म्हणजे... संघटनेला हो. नियमच आहे तसा. पाहुण्यांना बोटीत निजवायचं नाही. जोखमीचं असतं ते. अरे देवा. फार भाजलंय का? जिवंत आहे ना?

नवरा: नाही.

भाऊ: गेला? पाहुणा गेला?

नवरा: दादा, तुम्ही आधी नीट ऐकून...

बहीण: थांबा हो तुम्ही. त्याला बोलू द्या. सांग दादा, तू म्होरक्या आहेस सगळ्यांचा. पाहुणा मेला तर काय करायचं असतं?

भाऊ: आधी सांग, कुणाकुणाला कळलंय?

बहीण: धक्क्यावर तुझी माणसं होती, त्यांना.

भाऊ: तरीच! मी उतरलो तर एकही जण मान वर करून बघेना. ते बोलायचे नाहीत. आणि हे घरातले पाहुणे?

बहीण: त्यांना सांगितलं, स्टोव्ह भडकला आणि बोट पेटली. अरेरे म्हणाले. मग विचारलं, दुपारी फिरायला दुसरी बोट मिळेल ना?

भाऊ: शहाणी आहेस. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता दोघंही माझं नीट ऐका. गेलेला परत येत नाही. राहिलेल्यांची पोटं आहेत. इथं माणूस जळून मेलं एवढी बातमी बाहेर पडू दे, उद्या धक्क्यावर चिटपाखरू उतरणार नाही. लोकांना काय, समुद्र पाहिजे. तो सगळीकडे आहे. तुझ्या या खोल्या, मोठ्या हॉटेलवाल्यांच्या खोल्या, चहाच्या टपरीपासून सगळं ओस पडेल. एकासाठी सगळ्यांनी मरायचं का?

नवरा: मग?

भाऊ: आज शेवटची बोट जाऊ दे. मग ताडपत्रीत गुंडाळायचं, पायाला नांगराचा जुना दगड बांधायचा. खोल पाण्यात नेऊन सोडू. माझ्या बोटीनं नेऊ. दुसऱ्या कुणाला नको, मी स्वतः नेतो.

बहीण: तू स्वतः.

भाऊ: मग भाऊ कशाला असतो गं?

बहीण: आणि माणसाच्या घरचे? शोधत येतील ना कुणी?

भाऊ: एकटाच होता ना? मग झालं. पोहायला म्हणून गेला, परत आला नाही. समुद्राला कोण जाब विचारतं? त्याची बॅग तेवढी जाळून टाक.

बहीण: बॅग नव्हती. गाठोडं होतं. ते जळलं.

दाराबाहेरून पाहुणी: अहो ताई, आहात का? अजून एक बादली गरम पाणी मिळेल? आणि समुद्राकडची खोली कुणी सोडली तर आम्हाला सांगाल ना नक्की?

बहीण: सांगते हं! पाणी आणून ठेवतील हे दाराशी, दोन मिनिटं!... दादा, एक विचारू?

भाऊ: विचार की.

बहीण: सकाळी थांबला का नाहीस?

भाऊ: कुठं?

बहीण: पहिली बोट घेऊन निघालास तेव्हा. मी धक्क्याच्या टोकापर्यंत धावत आले होते. दादा थांब, दादा थांब, घसा फाटेस्तोवर ओरडले. हे हात असे वर धरून. तेव्हा फडकीसुद्धा नव्हती यांवर.

भाऊ: इंजिनाचा आवाज केवढा असतो, ऐकू येतंय थोडंच?

बहीण: तू वळून बघितलंस.

भाऊ: अंधार होता गं.

बहीण: चांगलं फटफटलं होतं. तू बघितलंस आणि बोट जोरात काढलीस. तुझे पाहुणे मला हात हलवून दाखवत होते. त्यांना वाटलं, ही बाई टाटा करायला आलीय.

नवरा: कुणाची बोट होती ती?

बहीण: दादाची.

नवरा: मला तू म्हणालीस, पाण्यात एकही बोट नव्हती.

बहीण: तुम्ही आत धरून बसला होतात. श्वास चालू होता अजून. तेव्हा काय सांगणार होते?

भाऊ: म्हणजे, तेव्हा जिवंत होता?

बहीण: होता. पलीकडच्या दवाखान्यात पोचवला असता तर वाचलाच असता असं नाही म्हणत मी. पण न्यायला तरी झालं असतं. आमची बोट जळत होती. धक्क्यावर तुझे लोक माना खाली घालून, नंबर लागलेत म्हणाले, बोट देता येत नाही. तुला फोन केले, तू उचलले नाहीस. चालू बोट एकच होती समोर. तुझी.

नवरा: का थांबला नाहीत?

भाऊ: अहो जावईबापू, मला काय स्वप्न पडलंय, आत माणूस आहे म्हणून! मला वाटलं...

नवरा: काय वाटलं?

भाऊ: मला वाटलं, बोटीवरून भांडायला आलीय. पाहुण्यांसमोर तमाशा नको, म्हणून मी...

नवरा: कुठल्या बोटीवरून?

भाऊ: तुमच्याच की.

नवरा: आमची बोट जळाली हे तुम्हाला आत्ता कळलं ना? धक्क्यावर पाय टाकल्यावर? काळजात धस्स झालं ना तुमच्या?

भाऊ: हे बघा, शब्दाला शब्द धरून...

नवरा: तू जाळलीस.

भाऊ: मी एकटा नव्हतो! सगळ्यांचं ठरलं होतं. मी नको म्हटलं असतं तर म्हणाले असते, बहिणीची बाजू घेतो. मग कोण मानणार होतं मला? मी नुसती काडी... ती कुऱ्हाड खाली ठेवा हो. जावईबापू! अहो, ठेवा ती...

[कुऱ्हाडीचा दांडा भावाच्या मनगटावर बसतो. हाड मोडल्याचा आवाज होतो. पुढच्या खोलीतली बडबड क्षणभर थांबते, मग पुन्हा सुरू होते.]

भाऊ: आई गं!

नवरा: ओरडायचं नाही. पाहुणे आहेत ना बाहेर? सीझन आहे ना? आता तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायचा. पुन्हा आवाज काढलास तर दांड्यानं नाही मारणार, पात्यानं मारीन.

भाऊ: हात मोडला माझा... अगं, आवर याला! बघत काय बसलीस?

बहीण: माझे हात चालत नाहीत, दादा.

नवरा: याच हातानं काडी ओढलीस, की त्या? बोल. दोन्ही मोडतो म्हणजे चूक व्हायला नको.

भाऊ: रिकामी समजून! आईची शपथ घेऊन सांगतो, रिकामी समजून पेटवली. मी काय माणसं मारणारा आहे? आईला विचारा. आईला बोलव, ती सांगेल याला. आई! ए आई! ऊठ गं, बाहेर ये, बघ, हा मला मारतोय!

बहीण: जोरानं बोलाव. एवढ्यानं ऐकू जायचं नाही तिला.

भाऊ: आई!

बहीण: दार नुसतं लोटलेलं आहे. जा ना. लहानपणी लपायचास तसा जा आईच्या मागं लप.

भाऊ: हे... हे चादरीखाली कोण आहे? आई कुठंय? इथं कुणाला आणून झोपवलंय तुम्ही?

नवरा: ताडपत्री मिळाली नाही.

भाऊ: नाही. नाही नाही. ही आई नाही. आईचे केस केवढे... आई तुझ्याकडे असते. घरात असते. मी तुझ्या घरी पाठवली होती तिला!

बहीण: पाठवलीस. तुझ्या घरातल्या तिच्या खोलीतून समुद्र दिसतो, त्या खोलीवर लोकांच्या उड्या पडतात, म्हणून. चार महिन्यांचा प्रश्न आहे म्हणालास, सीझन संपला की न्यायला येतो. मी कुठं ठेवू तिला? भांड्यांच्या फळीखाली? तीच म्हणाली, मी बोटीत पडते गं, निदान समुद्र तरी दिसेल. रोज संध्याकाळी हे तिला उचलून बोटीत नेऊन ठेवायचे.

भाऊ: मला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं गं.

नवरा: तिच्या पायाला दगड बांधणार होतास तू. सरक बाजूला. सरक गं, मी याला इथंच उभा चिरतो.

बहीण: थांबा.

नवरा: का थांबू? सांग ना, का थांबू? माझी आई लहानपणीच गेली. हिनं मला भरवलंय स्वतःच्या हातानं. याची आई नाही जळाली, माझी जळाली!

भाऊ: मारू दे त्याला. मार रे. दांड्यानं नको, पात्यानं मार.

बहीण: इतक्या स्वस्तात सुटायचंय का तुला? मर, मी अडवणार नाही. पण तिनं शेवटी काय विचारलं ते ऐक आणि मग मर.

भाऊ: नको. सांगू नकोस.

बहीण: जागीच होती ती, तिनंच सांगितलं मला. म्हाताऱ्या माणसाला झोप कुठली उजाडताना? बाहेर काठावर तू खोकलास. तिनं ओळखला. तिला वाटलं, दादा मला न्यायला आलाय. हाक मारायच्या आधी आवरून तयार असावं, मुलाला खोळंबून ठेवू नये, म्हणून उठून बसली. लुगडी घडी करत बसली. गाठोड्याची गाठ मारत होती, तेवढ्यात भडका उडाला. मी पोचले तेव्हाही तिच्या मुठीत गाठोड्याचं टोक होतं. सोडेना. मी तिला ओढलं तर तिच्या पाठीची कातडी माझ्या तळव्यांना चिकटून आली. तेव्हाही तिनं ते सोडलं नाही.

नवरा: हे तू मला नाही सांगितलंस.

बहीण: सांगितलं असतं तर तुम्ही धक्क्यावरच याला फाडला असता. मग याच्या तोंडून कुणी ऐकलं असतं? मला बघायचं होतं, माझा भाऊ काय म्हणतो. परका माणूस मेला तर काय म्हणतो आणि आई मेली तर काय म्हणतो.

भाऊ: काय विचारलं तिनं?

बहीण: यांना पाणी आणायला धाडलं, तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, दादा आला होता ना गं मला न्यायला?

भाऊ: तू काय म्हणालीस?

बहीण: हो म्हणाले. दुसरं काय म्हणू? तुझा दादा आला होता, म्हटलं, तुला न्यायलाच आला होता. मग निवांत झाली. मघापासून मी तेवढंच धरून बसलेय. मरणाऱ्या आईशी खोटं बोललेय मी दादा. आता ते खरं कर. उचल तिला आणि घरी ने.

भाऊ: आत्ता? बाहेर सगळे... वाटेत धक्का आहे गं. गर्दी आहे. बोटी लागल्यात.

बहीण: गर्दीतूनच न्यायची. पुढच्या दारानं. तोंड झाकायचं नाही. कुणी विचारलं, कोण हो ही, तर सांगायचं कोण आहे ते. कुणी विचारलं, कशानं गेली, तर तेही सांगायचं.

भाऊ: सगळं संपेल. माझे लोकच मला जिवंत ठेवणार नाहीत.

नवरा: त्यांच्या आधी माझा नंबर आहे. पाळी ठरलेली बरी.

भाऊ: माझा एक हात मोडलाय.

नवरा: दुसऱ्यानं धर. डोक्याकडून तू हो, पायाकडून मी धरतो. हलकी आहे ती, काही जड लागत नाही. मी रोज नेत होतो. आणि पोचवून झालं की लक्षात ठेव, कुऱ्हाड इथंच आहे.

बहीण: सावकाश. मान सांभाळा तिची. दार मी पायानं ढकलते.

भाऊ: अगं, पण तिच्या खोलीत... तिच्या खोलीत पाहुणे आहेत गं. नवं जोडपं आहे. अजून उठलेही नसतील.

बहीण: मग दार वाजव, दादा. आणि पाहुण्यांशी बोलतोस तसंच अदबीनं सांग, म्हणावं, जिची खोली आहे ती आलीय.